लाल गोळ्यांचा खुलासा

मु. शेवरवाडी, ता. घनसावंगी, जि. जालना
शुक्रवार, दि. ११ जुलै २०२५

चिरंजीव सौभाग्यवती बेबीनंदा हीस,

तुझे वडील तातेराव कडूबा साळवे यांचा सप्रेम जयभीम आणि अनेक आशीर्वाद. आम्ही उभयता येथे हयात असून प्रकृती वयाला शोभेल इतपतच बिघडलेली आहे. तुझ्या आईचा उजवा गुडघा तिच्या जिभेच्या वेगाने चालत नाही, एवढीच तिची तक्रार असते (हे वाक्य तिला फोनवर ऐकवू नये). जावईबापूंच्या मानेचा पट्टा निघाला काय? त्यांना माझा निरोप सांग की, शिकविताना मान सारखी फळ्याकडे वळवू नये. आमचे गुरुजी फळ्याकडे न पाहता लिहीत आणि आमच्याकडे पाहूनच मारीत, त्यामुळे त्यांची मान अखेरपर्यंत ताठ राहिली. तुझ्या शिलाई मशीनचा आवाज कमी झाला की नाही तेही कळव. मंठ्याकडे पाऊस कसा आहे? इकडे सोयाबीन उगवून आले आहे, कपाशीची खुरपणी चालू आहे, आणि माझ्याशी घरात कोणी जास्त बोलत नाही. हे तिसरे का घडले, ते सांगण्यासाठीच हे पत्र.

घरोघरी फोन असताना पत्र कशाला, असे तुझ्या मनात येईल. त्याचे कारण असे की, कानाच्या दोषामुळे मी फोनवर बोलू लागलो की ते बसथांब्यापर्यंत ऐकू जाते, आणि जे सांगावयाचे आहे ते बसथांब्याने ऐकावे अशा योग्यतेचे नाही. दुसरे असे की, पत्र हा माझा प्रांत आहे. तुला ठाऊकच आहे की, सन १९६० साली मी चौथी पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालो (त्या वर्षी आम्ही तिघे बसलो होतो, त्यातला एक परीक्षेच्या दिवशी आजारी होता, पण पहिला क्रमांक तो पहिला क्रमांकच) आणि पुढे चाळीस वर्षे या गावाची पत्रे मी वाचली. पोस्टमन पिशवी घेऊन आधी माझ्याकडे येई. चावडीच्या ज्या ओट्यापाशी माझ्या वडिलांना, म्हणजे तुझ्या कडूबा आजाला, उन्हात उभे करून ठेवीत, त्याच ओट्यावर सतरंजी टाकून मला बसवीत आणि म्हणत, ‘तात्या, वाचा.’ मी डबीतून चष्मा काढी, धोतराच्या सोग्याने पुशी, लावी, आणि मगच घडी उलगडी. चष्मा लावल्याशिवाय मी कुणाचे पत्र वाचले नाही, आणि पत्रात नव्हता असा एक शब्द माझ्या पदरचा घातला नाही. मरणाची बातमी असली तरी मी ती आहे तशी वाचली. लोकांचा विश्वास होता तो यावर. ही प्रस्तावना लांबली खरी, परंतु माझी अब्रू कोठून पडली हे कळण्यासाठी ती आधी किती उंचीवर होती हे कळणे आवश्यक आहे.

आता मूळ विषय. तुझी भावजय दीपमाला गेली सात वर्षे गावात आशाचे काम करते, म्हणजे गरोदर बायांची नोंद ठेवणे, त्यांना गोळ्या पोचविणे, बाळंतपणाला दवाखान्यात नेणे, हे तू जाणतेस. या वर्षी तिने नर्सिंगच्या दोन वर्षांच्या कोर्सला अर्ज करावयाचे ठरविले. मला तिने विचारले नाही, कळविले. “मामा, नव्हेंबरात मला पस्तीस पुरे होतेत, मंग अर्जच घेत न्हाईत. औंदाच काय ते,” एवढेच म्हणाली आणि भाकरी थापू लागली. मी त्याच दिवशी चहाच्या टपरीवर, कचरू व राधेश्यामजी किराणावाले यांच्यासमक्ष, स्पष्ट जाहीर केले की, साळव्यांच्या घरातील सून परक्यांची घाण काढावयास जाणार नाही. (हेच वाक्य मी सन २००५ मध्येही उच्चारले होते, तुझ्या वेळेस. तूही बारावीनंतर असाच अर्ज केला होतास. तुझे नाव यादीत लागले नाही, त्यामुळे वाद उद्भवला नाही, तो भाग वेगळा.) राधेश्यामजी म्हणाले, “बराबर आहे तात्या.” कचरू काहीच म्हणाला नाही, त्याला चहा पाजणारा मी होतो. तुझा भाऊ राजानंद जालन्यास लोखंडाच्या कारखान्यात पाळीवर असतो व आठवड्यातून एकदा येतो, त्याने बायकोची बाजू घेतली. तुझ्या आईने तर मला विचारलेसुद्धा नाही की तुमचे मत काय.

दीपमालेचा अभ्यास पाहून मात्र माझे मन, मी कबूल करतो, हळूहळू वाकले. पहाटे चुलीपुढे पुस्तक, दुपारी सर्वेक्षणाहून येताना जीपमध्ये पुस्तक. पिठाच्या डब्यावर तिने काळजाचे चित्र डकविले. तुझ्या आईने ते बराच वेळ न्याहाळून विचारले, “काळीज असं वाकडं असतंय व्हय? मंग माणसाचं काय चुकतंय,” आणि माझ्याकडे पाहिले. मला हे आवडले नाही, परंतु चित्र मी वाचून काढले. चार कप्पे असतात. पुढे दीपमालेला हाताने करून पाहण्याच्या कामासाठी रुग्ण लागू लागला. घरात रिकामा आणि आडवा पडू शकणारा इसम मी एकटाच. तिने माझी नाडी मोजली, ताप पाहिला, मी बाजेवर असतानाच मला कुशीवर वळवून माझ्या खालची चादर बदलली. बेबीनंदा, सुनेने आपल्याला वळविणे ही साध्या मनुष्याची गोष्ट नव्हे. पहिल्या दिवशी मी डोळे मिटून घेतले. चौथ्या दिवशी मीच म्हणालो की, डाव्या अंगाची घडी नीट बसली नाही, पुन्हा करावे.

त्यातच बँडेजचा प्रसंग घडला. एके सकाळी तिने माझे डोके, हनुवटी व डावा खांदा असे सर्व अवघड बंध एकदम बांधले, आणि इतक्यात तिला फोन आला. कुणाला तरी कळा सुटल्या होत्या. जाताना म्हणाली, “मामा, सोडू नका बरं. आल्यावर बघते बराबर बसलं का.” मी शिस्तीचा माणूस. सोडले नाही. चहाची वेळ झाली तेव्हा तसाच टपरीवर गेलो. हनुवटी बांधलेली असल्यामुळे मला बोलता येत नव्हते, आणि बोलता आले असते तरी काय बोलणार? ज्या सुनेला मी जाऊ देणार नाही म्हणून जाहीर केले होते, तिच्यासाठी मी रुग्ण होऊन पडतो, हे कसे सांगावे? कचरूने “मोटरसायकलीनं उडवलं का?” असे विचारले आणि मी होकारार्थी मान हलविली. मान हलविण्यास जेमतेम एक क्षण लागतो. संध्याकाळपर्यंत चौदा माणसे भेटून गेली, दोघांनी केळी आणली, आणि राधेश्यामजींनी मोटरसायकलवाल्याचा नंबर शोधण्यासाठी मुलास घनसावंगीला पिटाळले. दीपमाला परत आली तेव्हा आमच्या ओट्यावर ही गर्दी. तिने बँडेज सोडले आणि सर्वांसमोर म्हणाली, “लागलेलं न्हाई, नुसतं सुजलंय.” सुनेने माझी लाज राखली. मी केळी खाल्ली. हा प्रसंग मी यासाठी लिहिला की, पुढे जे झाले त्याची ती रंगीत तालीम होती.

आता पत्राचा अवघड भाग येतो. दीपमालेकडे सरकारी औषधांची पेटी असते. त्यात गरोदर बायांना द्यावयाच्या लोहाच्या लाल गोळ्या असतात. पेटीस कुलूप असते, आणि किल्ली ती बाहेर जाताना माझ्या हवाली करी, कारण घरात (तिच्याच शब्दांत) “मामासारखं जिम्मेदार कोण?” ती किल्ली मी करदोट्याला बांधीत असे. जूनच्या मध्यावर एके दिवशी कचरू आला. म्हणाला, दम लागतो, पायात गोळे येतात, दीपमाला काही देईल का. ती नव्हती. मी पेटी उघडली. केवळ पाहावे म्हणून. तिच्यात गोळ्यांबरोबर एक छापील कागद होता, मराठी, ठळक अक्षरांचा. कचरू म्हणाला, “तात्या, वाचा की.”

हा शब्द मी किती वर्षांनी ऐकला, बेबीनंदा! गावात पत्र येणे बंद होऊन पंधरा वर्षे झाली. लोक आता फोनमध्ये ऐकतात, फोनमध्येच बोलतात. माझा चष्मा डबीत पडून असतो. मी चष्मा काढला, पुसला, लावला आणि खणखणीत वाचले: ‘अशक्तपणा, थकवा, दम लागणे, चक्कर येणे यांवर उपयुक्त. रोज एक गोळी.’ कचरूला यांपैकी चारही होते. मला तीन होते. मी त्याला अकरा गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून दिल्या व पुडीवर सुवाच्य अक्षरात ‘रोज एक, जेवणानंतर’ असे लिहिले. दुसऱ्या दिवशी त्याने राधेश्यामजींना आणले. तिसऱ्या दिवशी घरच्या ओट्यावर सतरंजी मीच टाकली. एकूण आम्ही नऊ ज्येष्ठ नागरिक झालो. दुपारी दीपमाला गावात गेली की ते जमत, कागद वाचावयास लावीत (एकदा ऐकलेले असूनही) आणि पुडी घेऊन जात. मी कुणाकडून काही घेतले नाही. केवळ वाचले. आणि आता जे लिहितो ते वाचून मला हलका समजू नकोस. समजलीस तरी माझी हरकत नाही. गोळ्या मी वरची थप्पी न हलविता खालून काढीत होतो. म्हणजे चूक करतो आहे हे माझ्या हातास माहीत होते, फक्त तोंडास मी कळू दिले नाही.

अकराव्या दिवशी सकाळी कचरू पांढऱ्याफटक चेहऱ्याने आला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, “तात्या, आपलं सरलं बघा.” मी कारण विचारले. त्याने कानात सांगितले. मी त्याला धीर दिला नाही, कारण तोच प्रकार माझाही चालू होता आणि गेले तीन दिवस मी तो स्वतःशीच झाकून ठेवला होता. दुपारपर्यंत कळले की नऊच्या नऊ जणांचे तसेच आहे. राधेश्यामजींनी जालन्याहून थोरल्या मुलास बोलावून घेतले. कचरूने दोन्ही लेकींना निरोप धाडला आणि शेळी कुणाला द्यावयाची ते सांगून टाकले. एकाचे मत पडले की विहिरीचे पाणी बाधले. दुसऱ्याचे मत पडले की एवढ्या जणांना एकदम झाले म्हणजे हा रोग पेपरात येणार. शेवटी भाड्याची काळी जीप करून आम्ही नऊ जण आरोग्य केंद्रावर गेलो. वाटेत खड्डा आला की राधेश्यामजी “राम राम” म्हणत.

त्या दिवशी केंद्रावर आशांची हजेरी होती. तीस-चाळीस बाया व्हरांड्यात बसलेल्या, त्यांत दीपमाला. डॉक्टर शिखाबाई या तरुण असून जालन्याच्या व्यापारी घराण्यातील आहेत. त्यांनी विचारले, “आजोबा, काय होतंय?” सर्वांनी माझ्याकडे पाहिले, कारण शुद्ध बोलणारा मी. मी उभा राहून सांगितले की, आम्हां सर्वांच्या शौचास गेल्या काही दिवसांपासून कृष्णवर्ण प्राप्त झाला आहे. बाईंना बोध झाला नाही. मी पुन्हा सांगितले. तेव्हा कचरू मागून ओरडला, “काळं व्हतंय बाई, डांबरावानी! समद्यांचं!” व्हरांड्यातील तीस-चाळीस बायांनी तोंडाला पदर लावला. बाईंनी लगेच विचारले, कोणती गोळी चालू आहे का. कचरूने कनवटीची पुडी काढून टेबलावर ठेवली. बाईंनी ती उलगडली, लाल गोळी पाहिली, आणि टेबलाच्या खणातून तोच छापील कागद काढून माझ्या हाती दिला. “आजोबा, तुम्हाला वाचता येतं ना? मागची बाजू वाचा. मोठ्यानं.”

मागची बाजू. सबंध गावाला मी आयुष्यभर बजावीत आलो की कागद उलटून पाहावा, सही करण्यापूर्वी तरी पाहावा. मी चष्मा लावला आणि वाचले: ‘या गोळ्यांमुळे शौचाचा रंग काळा होतो. घाबरू नये.’ पुढची ओळ होती, ‘या गोळ्या गरोदर मातांसाठी आहेत.’ तीही वाचली. आता पदराचा काही उपयोग राहिला नव्हता. बाया उघड हसल्या, एक शिपाई हसला, आणि राधेश्यामजींचा जालन्याहून आलेला मुलगा सर्वांत मोठ्याने हसला. हे हसणे मी सोसले असते. परंतु बाईंनी पुडीवरील अक्षर पाहिले आणि विचारले, “या वाटल्या कुणी?”

बेबीनंदा, उत्तर एका अक्षराचे होते. ‘मी.’ मी तोंड उघडले होते, हे तुझ्या आईची शपथ घेऊन सांगतो. पण मागून दीपमाला उठली आणि म्हणाली, “माझ्या पेटीतल्या आहेत मॅडम.” बाईंना वाटले, अक्षरही तिचेच. त्या म्हणाल्या, “अक्षर छान आहे. अक्कल कुठं ठेवली होती?” आणि मी उघडलेले तोंड मिटले. कचरूने माझ्याकडे पाहिले व मग जमिनीकडे पाहिले. चाळीस वर्षे ज्याने माझा चहा प्यायला, त्याने त्या दिवशी तो फेडला. अशा रीतीने मैत्री कामास येऊ नये.

हसण्याचा भाग येथे संपतो. कारण त्याच महिन्यात गावातल्या पुष्पाबाईच्या सुनेला आठवा महिना लागला होता. आम्ही केंद्रावर जाण्याआधीच वरची थप्पी इतर बायांना वाटून झाली, आणि दीपमालेने पेटी उघडली तेव्हा तिच्याखाली काही नव्हते. तिला वाटले, वरूनच गोळ्या कमी आल्या. ती नव्या पुरवठ्याची वाट पाहत राहिली. ती पोर बारा दिवस गोळीवाचून राहिली, रक्त आधीच कमी, त्यात चक्कर येऊन पडली. जालन्यास नेऊन शिरेतून लोह चढवावे लागले. आता बरी आहे, पोटातले मूलही बरे आहे, हे तुला लगेच सांगतो. पण पुष्पाबाई आमच्या दारात येऊन दीपमालेला म्हणाली, “तू चालली नर्स व्हायला अन् माझ्या सुनंच्या गोळ्या म्हाताऱ्यायला वाटल्या. वा गं शाने.” मी आतल्या खोलीत होतो. भिंतीवरील घड्याळाकडे पाहत होतो. ते बंद आहे.

डॉक्टरबाईंनी दीपमालेकडून लेखी खुलासा मागविला. नर्सिंगच्या अर्जास त्यांचे शिफारसपत्र जोडावे लागते, ते त्यांनी थांबवून ठेवले आहे. अर्जाची शेवटची तारीख सतरा, म्हणजे येता गुरुवार. पुढल्या वर्षी तिचे वय बसत नाही. शिफारस द्यावयाची की नाही, हे बाई मंगळवारी, पंधरा तारखेस, आशांच्या बैठकीत सांगणार आहेत.

खुलासा तिने स्वतः लिहिला आणि, घरातला प्रत्येक कागद माझ्या नजरेखालून जातो या रीतीप्रमाणे, माझ्यापुढे ठेवला. मी चष्मा लावून वाचला. त्यात लिहिले होते: ‘पेटीस कुलूप लावण्याचे माझ्याकडून राहिले. चूक माझी आहे.’ कुलूप तिने लावले होते. किल्ली माझ्या करदोट्याला होती. वाचताना ती मला टोचत होती. दीपमाला समोर उभी होती. पदराला हात पुशीत म्हणाली, “बघा मामा, काई राह्यलं का त्याच्यात.” मी म्हणालो, “ठीक आहे.” आणि कागद परत दिला. किल्ली मी त्या रात्री तिच्या उशाशी नेऊन ठेवली. सकाळी ती पुन्हा माझ्या बाजेवर होती. तिने बाहेर जाताना ठेवली होती, नेहमीप्रमाणे. यापेक्षा तिने मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी त्यांतील भाषा सुधारून दिली असती.

तेव्हापासून मी माझा स्वतःचा खुलासा लिहितो आहे. पहिल्या मसुद्यात मी उंदरांचा उल्लेख केला होता. तो दीड पान झाला आणि वाचावयास इतका सुरेख झाला की मलाच उंदरांचा राग आला, फाडला. दुसऱ्यात मी शासनाचे लक्ष या गोष्टीकडे वेधले की महत्त्वाचा मजकूर कागदाच्या मागील बाजूस छापू नये. तोही फाडला, जरी त्यातला मुद्दा बरोबर आहे. तिसरा चार ओळींचा आहे. त्यात उपमा नाहीत. तो मी मंगळवारी केंद्रावर नेणार आहे आणि ज्या बायांसमोर मागची बाजू वाचली, त्यांच्यासमोर वाचणार आहे. दीपमालेस सांगितलेले नाही. सांगितले तर ती अडवील.

एवढे लिहून पत्र पुरे करतो. नातवंडांना गोड पापा. जावईबापूंना मानेचा व्यायाम व नमस्कार.

तुझा पिता,
तातेराव कडूबा साळवे
(चौथी उत्तीर्ण)

ता. क. – त्या दिवशी डॉक्टरबाईंनी आम्हां नऊही जणांचे रक्त तपासून घेतले. पाच जणांत ते खरोखरच कमी निघाले, आणि आता त्यांना स्वतःच्या नावावर गोळ्या मिळतात. कचरू म्हणतो की त्याचा दम कमी झाला, आणि तात्याच खरा डॉक्टर. त्याला मी गप्प बसविले. पाचांपैकी एक मी आहे. मी अशक्त आहे हे मला मान्य नाही, परंतु गोळी घेतो. रंगास आता भीत नाही.

दुसरे ता. क. – या पाकिटात एक जुने, पिवळे पडलेले पत्र घातले आहे. ते तुझे आहे. सन २००५ च्या ऑगस्टमध्ये पोस्टमनने, रीतीप्रमाणे, माझ्याकडे दिले. तू दारात उभी होतीस, तुझी आई चुलीपाशी होती. मी ते उघडून ‘नाव लागले नाही’ असे वाचले आणि तुझ्या हाती न देता घडी घालून ठेवले. वर जे लिहिले की, पत्रात नव्हता असा शब्द मी कधी घातला नाही, ते खोटे आहे. तुझे नाव लागले होते, सहावे. मंठ्याच्या पाहुण्यांना मी शब्द दिला होता आणि टपरीवर ते घाणीचे वाक्य बोलून बसलो होतो. दुसरे कारण नाही, शोधले, सापडले नाही. जावईबापू चांगले निघाले, यात माझे काही कर्तृत्व नाही. पत्र मी फाडले नाही. दुसऱ्याचे पत्र फाडण्याची मला सवय नव्हती. परवा दीपमालेचा खुलासा ‘ठीक आहे’ म्हणून परत दिला तेव्हा तुझी आई एवढेच म्हणाली, “पोरीचं पत्र तुम्ही चष्म्याबिगर वाचलं व्हतं. मला वाचता येत न्हाई, पर तुम्ही खरं कवा वाचता ते कळतंय.” वीस वर्षे तिला ठाऊक होते. ते माझ्या तोंडातून निघण्याची ती वाट पाहत होती.

तिसरे ता. क. – हे पत्र ज्यासाठी लिहिले ते राहूनच गेले. मंगळवारी सकाळी मंठ्याहून निघून आरोग्य केंद्रावर येशील काय? चार ओळी वाचावयाच्या आहेत. मला चाळीस वर्षांचा सराव आहे, तरी तिसऱ्या ओळीत ‘किल्ली माझ्याकडे होती’ असे आहे, तेथे माझा आवाज टिकेल याची खात्री नाही. मी थांबलो तर कागद माझ्या हातातून घे आणि पुढचे तू वाच. तुझे वाचन माझ्यापेक्षा नेहमीच स्पष्ट होते. न आलीस तरी मी वाचणार आहे, आणि का आली नाहीस असे विचारणार नाही. परंतु आलीस तर ते पिवळे पत्र परत घेऊन ये. दीपमालेचे काम झाल्यावर मला ते तुला एकदा, आहे तसे, वाचून दाखवावयाचे आहे. चष्मा मी आजच पुसून ठेवला आहे.